सोंगातले पुण्य

खेळात केलेले पाप हे खरोखरीचे पाप समजावे काय, आणि खेळात जोडलेले पुण्य पदरी पडते असे मानावे काय, हा प्रश्न वरवर पाहणाऱ्यास पोरकट वाटेल. सारीपाटावर दुसऱ्याची सोंगटी मारणाऱ्यास कोणी मारेकरी म्हणत नाही, आणि बुद्धिबळात उंटाचा बळी देऊन डाव वाचविणाऱ्यास कोणी त्यागी म्हणत नाही. परंतु ज्या समाजाच्या सर्वांत थोर कथेतील सारा अनर्थ एका द्यूतसभेतून उद्भवला, त्या समाजास 'तो तर नुसता खेळ' असे म्हणून मोकळे होता येत नाही. युधिष्ठिर फासे टाकीत होता तेव्हाही तो युधिष्ठिरच होता. त्याचे जे काही बरेवाईट होते ते त्याच्यासवे त्या पटावर बसलेले होते.

हा प्रश्न मजपुढे ज्या वाटेने आला ती सांगताना थोडा संकोच होतो. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, शाळामास्तरकीतून निवृत्त होऊन बराच काळ लोटल्यावर, गेल्या दिवाळीत मी व्हिडिओ गेम खेळलो; आणि एकदाच नव्हे, तर पुढे तीन महिने रोज रात्री जेवणानंतर खेळत राहिलो. भाचा बंगळूरास संगणकाच्या नोकरीत आहे. सणाला बेळगावी आमच्याकडे येतो. मुले तासन्‌तास पडद्याकडे डोळे लावून बसतात आणि एकमेकांवर गोळ्या झाडतात, याविषयी मी नेहमीप्रमाणे चार शब्द बोललो. तो ऐकून घेणारा मुलगा आहे. तो म्हणाला, "मामा, तुम्ही म्हणता ते खरे आहे. पण एक जुना खेळ असा आहे की त्यात कोणाला मारून जिंकता येत नाही. चांगले वागूनच जिंकावे लागते. तुम्ही तो एकदा पाहा, मग काय बोलायचे ते बोला." मास्तरास असे आव्हान नाकारता येत नाही.

त्या खेळाचे नाव 'अल्टिमा', चौथा भाग. 'क्वेस्ट ऑफ दि अवतार' असे त्याचे उपनाम आहे. रिचर्ड गॅरियट या अमेरिकेत वाढलेल्या तरुणाने तो रचला आणि १९८५ साली तो 'ॲपल टू' या संगणकाकरिता बाजारात आला. वडील ओवेन गॅरियट हे अंतराळवीर, १९७३ मध्ये 'स्कायलॅब' वर राहून आलेले. पुढे २००८ मध्ये मुलगाही पदरचे पैसे भरून अंतराळ स्थानकावर जाऊन आला. अशा घरातल्या मुलाने राक्षस, चेटूक आणि भुयारे यांच्या काल्पनिक जगात तारुण्य घालवावे याचे मला प्रथम नवल वाटले. त्याच्या आधीच्या तीन भागांत एकेक दुष्ट शत्रू होता व त्याचा निःपात हेच साध्य होते. त्या साध्याच्या वाटेवर खेळणारे लोक दुकाने लुटीत, निरपराध गावकऱ्यांना ठार करीत आणि अखेरीस दुष्टाला मारून 'वीर' म्हणून मिरवीत. हे गॅरियटच्या ध्यानात आले. त्यातच मुलांच्या पालकांची रागाची पत्रे आली. हा खेळ सैतानी आहे असे कित्येकांनी लिहिले. दुसऱ्या कोणी ती केराच्या टोपलीत टाकली असती. याने चौथ्या भागातून शत्रूच काढून टाकला. मारावयास कोणी महाराक्षस उरला नाही. उरला तो खेळणारा स्वतः.

बेळगावात १९८५ साली संगणक हा शब्द वर्तमानपत्रात वाचण्यापुरता होता. सांप्रत तोच खेळ कोणासही फुकट मिळतो, आणि भाच्याने तो पाच मिनिटांत माझ्यासमोर मांडला. चित्रे पाहून निराशा झाली. चौकोनी ठिपक्यांची झाडे, चौकोनी ठिपक्यांचे डोंगर. रांगोळीच्या ठिपक्यांना कोणी चालावयास लावले आहे असे वाटावे. 'ब्रिटानिया' नावाचा देश, त्याचा राजा लॉर्ड ब्रिटिश. (इंग्रज जाऊन इतकी वर्षे झाली, आणि मला पुन्हा ब्रिटिशाच्या दरबारी मुजरा करणे आले, असे मी म्हणालो. भाच्याने हसून दाखविले.)

खेळास आरंभ होतो तो लढाईने नव्हे, प्रश्नांनी होतो. एक भविष्य सांगणारी स्त्री तुमच्यापुढे दोन-दोन पत्ते मांडते आणि दोन सद्गुणांपैकी एकाची निवड करावयास सांगते. चांगले आणि वाईट यांतली ती निवड नव्हे. तशी निवड तर लहान मूलही करील. दोन्हीही चांगलेच, परंतु दोन्ही एकदम साधणार नाहीत, अशी ती अडचण असते. त्यातली एक अडचण अशी : तुमच्या हाती कोणी न मोजलेली सोन्याची थैली विश्वासाने सोपविली आहे, वाटेत एक दीन भिकारी भेटतो, थैलीतले एक नाणे त्याला दिले तर कोणास कळणार नाही. द्याल काय?

हे वाचताच मंगळवेढ्याचे दामाजीपंत माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. दुर्गादेवीच्या दुष्काळात बेदरच्या बादशहाचे धान्याचे कोठार भुकेल्यांसाठी मोकळे करणारे दामाजीपंत आपल्या कीर्तनांतून आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. कथेत पुढे विठोबा महाराचे रूप घेऊन बादशहाकडे पैसे भरतो आणि पेच सुटतो. परंतु दामाजीपंतांनी कोठाराला हात घातला त्या घटकेस विठोबा येणार आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. विठोबाचे येणे वगळून ती कथा वाचावी, म्हणजे प्रश्न किती अवघड आहे ते कळते. धनी विश्वासाने ठेवतो तो माल परक्याचा. आणि दारात उपाशी माणूस. मी त्या स्त्रीला उत्तर देण्यास बराच वेळ घेतला. अखेरीस थैली जशीच्या तशी पोचवीन असे उत्तर दिले, आणि ते देताना आपण बादशहाच्या बाजूचे ठरलो अशी रुखरुख मनाला लागली.

या खेळातील सद्गुण आठ आहेत. सत्य, प्रेम आणि धैर्य ही तीन मूळ तत्त्वे. सत्यापासून प्रामाणिकपणा, प्रेमापासून करुणा, धैर्यापासून शौर्य. सत्य आणि प्रेम मिळून न्याय, प्रेम आणि धैर्य मिळून त्याग, सत्य आणि धैर्य मिळून ब्रीद. तिन्ही एकवटली म्हणजे अध्यात्म. आठवा सद्गुण नम्रता, आणि त्याची उपपत्ती मोठी मार्मिक आहे : तिन्ही तत्त्वांचा जेथे अभाव तेथे गर्व, गर्व हा काही सद्गुण नव्हे, तेव्हा त्याच्या उलट जी नम्रता ती धरावी. प्रत्येक सद्गुणाचे एक नगर आहे. नम्रतेचे नगर मात्र उजाड झालेले. तेथील लोक गर्वाने मातले म्हणून नाश पावले आणि आता तेथे भुते हिंडतात. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना अभयापासून सुरू होते आणि नातिमानितेपाशी संपते, हे येथे ध्यानी आल्यावाचून राहिले नाही. धैर्य आरंभी आणि निगर्वीपणा अखेरीस, हा क्रम टेक्सासच्या एका तरुणास कसा सुचला असेल तो असो.

'अवतार' हा शब्द मात्र त्याने आपल्याकडूनच उचलला, आणि तसे तो सांगतोही. संगणकावरील मनुष्याकृतीस आज जगभर जो 'अवतार' म्हणतात, त्या वापराच्या अगदी आरंभीच्या ठिकाणांत या खेळाची गणना होते. येथे धार्मिक वाचकास आक्षेप घेण्यास जागा आहे आणि तो आक्षेप मलाही पटतो. अवतार म्हणजे वरून खाली उतरणे. परमेश्वर कृपेने देह धारण करतो. या खेळात मनुष्य खालून वर चढतो आणि आठ पायऱ्या ओलांडल्यावर त्यास अवतार ही पदवी मिळते. आपण याला फार तर नराचा नारायण होणे म्हणू. अवतार म्हणणार नाही. आणखी असे की, त्यातील देवस्थानांत ध्यान करताना जे मंत्र टंकलिखित करावे लागतात त्यांत अध्यात्माचा मंत्र म्हणून 'ओम' आहे, तो रोमी अक्षरांत. आणि मंत्रसिद्धीच्या औषधींत लसूण आहे. आमच्या देवळाच्या स्वयंपाकघरात लसणीचा प्रवेश नाही, येथे तीच देवकार्यास लागते! परधर्मीयाने दुरून पाहिलेल्या गोष्टीत असे होणारच. उणे काढावयाचे तर आणखीही पुष्कळ आहेत. रानातल्या पशूंना पळू द्यावे, पाठलाग करू नये, हे त्यात पुण्य गणले आहे हे खरे. तथापि दुष्ट ठरविलेल्या प्राण्यांना मारण्यास मुभाच नव्हे तर प्रोत्साहन आहे, आणि त्या लढाया इतक्या लांबट व कंटाळवाण्या आहेत की दोनदा मी पडदा मिटून झोपी गेलो.

परंतु एक गोष्ट या खेळास सर्वांहून वेगळी करते. तो तुमच्या प्रत्येक कृत्याचा जमाखर्च ठेवतो आणि तो तुम्हाला दाखवीत नाही. भिकाऱ्याला पैसे दिले, जमा. लढाईतून पळ काढला, खर्च. दवाखान्यात रक्त मागितले आणि दिले, जमा. नाही म्हटले, खर्च. गावातल्या कोणाच्या पेटीस हात लावला, खर्च. कोणी 'तू सर्वांहून थोर आहेस काय?' असे विचारले आणि तुम्ही 'होय' म्हणालात, तर तेथेही मुकाट्याने खर्च पडतो. आकडे मात्र कोठेही दिसत नाहीत. राजवाड्यात एक द्रष्टा आहे, त्याला विचारले तर तो मोघम शब्दांत सांगतो की तू वाटेवर आहेस, अथवा वाट चुकला आहेस. आपल्या चित्रगुप्ताच्या वहीची इतकी नेमकी प्रतिकृती मी दुसरी पाहिली नाही.

आपल्याकडे असे खेळ नव्हते असे नव्हे. ज्ञानदेवांशी ज्याचा संबंध परंपरा जोडते तो मोक्षपट हा अशाच जातीचा. सद्गुणाची शिडी, दुर्गुणाचा साप. तोच पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात जाऊन नीतीचे ओझे हळूहळू टाकून देत मुलांची साप-शिडी झाला. परंतु मोक्षपटावर दयेच्या घरात तुम्ही दया करून पोचत नाही, कवडी अगर फासा पडला म्हणून पोचता. तो पट शिकवितो ते प्रारब्ध. या खेळात फासा तुमच्या हातात नसतो, हातच तुमचा असतो. येथवर आलो म्हणजे मला माझ्या हाताविषयी सांगणे भाग आहे.

औषधी विकणारी एक स्त्री या खेळात आहे. ती आंधळी आहे. तुम्ही वस्तू निवडता, ती एकूण किंमत सांगते, आणि किती देता ते तुम्ही आकड्यात लिहावयाचे. तुम्ही काय दिले ते तिला दिसत नाही. जे द्याल ते ती घेते. मजपाशी त्या वेळी नाणी थोडी होती, पुढचे गाव लांब होते, आणि बरोबरच्या सोबत्यांना अन्न घ्यावयाचे होते. मी मागितले त्याच्या निम्म्याहून कमी आकडा लिहिला. तिने तो घेतला. आकाश कोसळले नाही, कोणी शिपाई धावून आला नाही. मी पुढच्या गावी गेलो. थैली जशीच्या तशी पोचवीन असे उत्तर देऊन फार दिवस झाले नव्हते.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि त्याचे कारण तो खेळ नव्हे. माझे बालपण निपाणीस गेले. निपाणी हे तंबाखूचे गाव. तेथे सचोटी म्हणजे वजन आणि मोजणी. हजार विड्या वळून नेणाऱ्या बाईच्या किती विड्या 'छाट' म्हणून बाजूला पडतात यावर त्या घरची चूल अवलंबून असे. मोजणाराचा हात आणि मोजून घेणारीचे डोळे यांविषयीच्या गोष्टी आम्ही पोरे रोज ऐकत असू. १९६९ च्या सुमारास, मी दहा वर्षांचा असताना, आजी मला सकाळी देवळासाठी फुलांची पुडी आणावयास धाडी. देवळाच्या पायऱ्यांपाशी एक वृद्ध फुलवाली बसे. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ती पैसे चाचपून घेई. पाच पैशांचे नाणे चौकोनी, ते तिला बोटाला कळे. दहा पैशांचे नाणे कंगोऱ्यांचे. पण दोन पैशांचेही कंगोऱ्यांचेच, केवळ आकाराने लहान. पुडी दहा पैशांची होती. एके दिवशी मी दोन पैशांचे नाणे तिच्या तळहातावर ठेवले आणि पायऱ्या चढून गेलो. उरलेल्या आठ पैशांच्या लिंबाच्या गोळ्या घेतल्या. पुढे हे मी किती वेळा केले ते मोजलेले नाही. एकदाच केले नाही एवढे खरे. ती फुले देवाला वाहिली गेली. आजीने ती वाहिली.

तिला कळले नसेल असे मी त्या वयात मानले. आज तसे मानता येत नाही. ज्या बोटांना पाकळी ताजी की शिळी हे कळत होते, त्या बोटांना दोन आणि दहा यांतला फरक कळला नसेल काय? एकदा तिने नाणे चिमटीत धरून क्षणभर माझ्याकडे तोंड केले होते, हे मला स्पष्ट आठवते. तिने काही म्हटले नाही. कन्नड मुलखातली बाई होती. मराठी मोडकेतोडके बोले. सीमेवरच्या गावात गरीब माणूस पुष्कळदा याच कारणाने गप्प राहतो की कोणत्या भाषेत बोलावे हे ठरेपर्यंत समोरचा निघून जातो.

ही आठवण मला कोणत्याही पोथीने दिली नाही, हे मला येथे नोंदवावयाचे आहे. आमच्या देवळाच्या कट्ट्यावर संध्याकाळी बसणारे एक स्नेही आहेत, त्यांना मी या खेळाविषयी सांगितले तेव्हा ते म्हणाले, "अहो मास्तर, नीती शिकावयास संतांची वाणी पुरी पडत नाही म्हणून का आता यंत्रापुढे बसावयाचे?" त्यांचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. तथापि माझा अनुभव असा की कथा ऐकताना आपण नेहमी कथेतल्या सज्जनाच्या शेजारी जाऊन बसतो. दामाजीपंतांचे आख्यान मी शंभरदा ऐकले असेन. शंभरही वेळा मी दामाजी होतो. कोठारातले चार शेर घरी नेणारा कारकून मी कधीच नव्हतो. कथेत हात घालावा लागत नाही. या खेळात किंमत ऐकल्यावर आकडा मलाच लिहावा लागला, आणि हात कोणता आकडा लिहितो हे मी पाहिले. हा खेळ खेळण्याजोगा आहे असे मी म्हणतो ते या एवढ्याच कारणाकरिता. तो माणसास चांगले करतो म्हणून नव्हे. तसा माझा दावा नाही, आणि पुढे जे घडले त्यावरून तो करताही येणार नाही.

पुढे घडले ते असे. काही दिवसांनी त्या द्रष्ट्याने मला चोर ठरविले. शब्द सौम्य होते, अर्थ तोच. भाच्याला दूरध्वनी केला तेव्हा त्याने वहीची सारी रीत उलगडून सांगितली. मग मी त्या आंधळ्या बाईकडे पुनःपुन्हा गेलो, नको असताना औषधी घेतल्या आणि पै न पै मोजली. वाटेत भिकारी दिसला की नाणे देऊ लागलो. भाच्याने हेही सांगितले होते की जाणते खेळाडू एका वेळी एकच नाणे देतात. मोठी रक्कम देऊन विशेष लाभ नाही. मीही एकेकच दिले! प्रामाणिकपणा वाढला, करुणा वाढली, एकेक करून आठही पायऱ्या चढलो. आणि चढताना मला पुरते कळत होते की आंधळ्या बाईला पहिल्यांदा फसविताना मी जितका खरा होतो तितका आता तिला पुरे पैसे देताना नव्हतो. तेव्हा कोणी पाहत नाही असे मला वाटत होते. आता कोणी लिहून घेत आहे हे मला माहीत होते.

आपल्या देवळांतही याच दोन वह्या आहेत. गाभाऱ्यापुढे हुंडी असते, तिच्यात कोणी काय टाकले ते देवास ठाऊक. आणि सभामंडपाच्या भिंतीवर संगमरवरी पाट्या असतात, त्यांवर कोणी काय दिले ते साऱ्या गावास ठाऊक. पाटीवाल्या दानास मी नावे ठेवणार नाही. छप्पर गळावयाचे थांबते ते बहुधा त्याच दानाने. परंतु आपल्या नावाची पाटी लागण्यास उशीर झाला म्हणून विश्वस्तांशी अबोला धरणारे दाते मी पाहिले आहेत. मी त्यांना मनात हसत असे. आता हसत नाही.

तरीही ज्ञात वहीसाठी केलेले पुण्य अगदीच पोकळ का, असे विचारले तर मला दशावतार आठवतो. माझे आजोळ आंबोलीच्या घाटाखाली, सावंतवाडीकडचे. तेथे जत्रेच्या रात्री देवळापुढे दशावतारी खेळ होई. आपली भाषा नाटकालाही खेळच म्हणते, हे किती बरे आहे. मांडावर एक बाकडे, मागे पडदा, आणि रात्रभर चालणारे आख्यान. त्या खेळाला लिहिलेली संहिता नसते; कथा ठरलेली, संवाद ज्याचे त्याने उभ्या उभ्या जुळवावयाचे. लहानपणी मी पडद्यामागे डोकावलो असता तोंडाला रंग फासलेला विष्णू उकिडवा बसून विडी ओढीत होता. (विडी कदाचित आमच्या निपाणीचीच असेल.) थोड्या वेळाने तोच बाकड्यापाशी येऊन उभा राहिला आणि समोरच्या म्हाताऱ्या बायांनी हात जोडले. त्या बायांना तो कोण, कोणाचा मुलगा, दिवसा काय करतो, हे सारे ठाऊक होते. दुसऱ्या एका रात्री एकाने हरिश्चंद्र केला. हरिश्चंद्राने काय बोलावे हे त्याला कोणी लिहून दिलेले नव्हते. सत्य सोडावयाचे नाही असे ठरवून, त्या ठरावातून जे शब्द निघतील ते त्याला आपल्या गळ्यातून काढावे लागले. सोंग ते, पण त्या घटकेपुरते त्याला हरिश्चंद्राच्या मनात उभे राहावेच लागले. सर्व सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपण म्हणतो. या संगणकाच्या खेळात उलट पैसाच सोंगाचा आहे. बाकीचे जे काही आणावे लागते ते सोंगाचे की खरे, हे मला तीन महिन्यांत नीटसे ठरविता आले नाही. एक मात्र जाणवले. आरंभी भिकारी दिसला की मी वहीची आठवण करी. शेवटी शेवटी वही विसरून हात आपोआप त्या कळेकडे जाई. ती सवय होती. सवयीस पुण्य म्हणावे की नाही, हे मजहून अधिकारी लोकांनी सांगावे.

अखेरच्या भुयाराविषयी फार लिहीत नाही. ते आठ मजली आहे आणि तेथे उतरताना जागोजागी एक अदृश्य वाणी प्रश्न विचारते. उत्तर चुकले तर वाट बंद. वनपर्वातला यक्ष ज्याच्या ओळखीचा आहे त्याला ते तळे आणि ती वाणी परकी वाटणार नाहीत. बाहुबलाचे भीम-अर्जुन तळ्याकाठी निजले आणि उत्तर देणारा एकटा उभा राहिला, तोच न्याय येथे आहे. शिवाय त्या उत्तरांचे तुकडे देशभर विखुरलेले असतात. ते मिळवावयाचे तर प्रत्येक गावात प्रत्येकाला, मुलाला आणि भिकाऱ्यालाही, नाव विचारावे, काम विचारावे, आणि तो काय बोलतो ते ऐकून त्यातलाच एखादा शब्द धरून पुढे विचारावे लागते. आम्हा सीमाभागातल्या माणसांना ही कला अवगत असावयास हवी. बसमध्ये शेजाऱ्याला 'कुठले तुम्ही?' हे मराठीत विचारावे की कन्नडात, हे त्याच्या पहिल्या शब्दावरून ओळखण्यात आमचा जन्म गेला. पण मी त्या खेळात जितक्यांना नावे विचारली, तितकी माझ्या गल्लीतल्या लोकांची मला ठाऊक नाहीत. त्या फुलवालीचे नाव मला ठाऊक नाही. ते मी कधी विचारलेच नव्हते.

माघात मी निपाणीस जाऊन आलो. महामार्गाने बेळगावाहून फार लांब नाही. आजीच्या पितळी डब्यात जुनी नाणी होती, त्यातले दहा पैशांचे एक कंगोरेदार नाणे खिशात घेतले होते. का, ते सांगता येत नाही. पंचवीस पैसे व त्याखालची सारी नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली आहेत, तेव्हा त्याचे कोणाला काही देणे आता शक्य नाही. देवळाच्या पायऱ्यांना नवी फरशी बसली आहे. त्या जुन्या बाईविषयी दोघातिघांस विचारले. कोणास आठवण नव्हती, आणि नाव ठाऊक नसल्यामुळे नीट विचारताही येईना. त्याच जागी एक तरुण बाई फुले घेऊन बसली होती. हार वीस रुपयांचा म्हणाली, आणि टोपलीला टेकवून ठेवलेल्या चौकोनी ठिपक्यांच्या कार्डाकडे बोट दाखविले. फोनवर पैसे भरावयाचे. रक्कम ज्याची त्याने लिहावयाची. ती दुसऱ्या गिऱ्हाइकाचा हार बांधण्यात गुंतली होती, माझ्या फोनकडे तिचे लक्ष नव्हते.

मी वीस लिहिले. शंभर लिहावे असे मनात आले होते. मग ते कोणत्या वहीसाठी, असा विचार आला आणि बोट थांबले. तिला तिचे नाव विचारले. तिने एकदा मान वर करून पाहिले, नाव सांगितले, आणि पुन्हा दोऱ्याकडे वळली.